आईने मागितलेला फोटो

आईचं दुखणं कळलं तेव्हा शिमगा नुकताच होऊन गेला होता. यकृतात गाठी होत्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, की आता कापाकापी करण्यात अर्थ नाही, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. किती दिवस, असं मी विचारलं. पावसाळा पुरा बघतील असं वाटत नाही, ते म्हणाले. मी बाहेर आले तर आई बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. डॉक्टर काय म्हणाले हे तिने विचारलंच नाही. "मे महिन्यात सगळी येतील ना?" एवढंच विचारलं.

गाडीला अजून वेळ होता म्हणून मी तिला आमच्या स्टुडिओत आणलं. स्टुडिओ छोटाच आहे. नवरा पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स बघतो. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं माझ्याकडे. हल्ली लोकांना उभं करून काढलेले फोटो नको असतात, कॅन्डिड हवे असतात. म्हणजे कुणाला कळू न देता, जो जसा असेल तसा टिपायचा. काउंटरवर एका लग्नाचा अल्बम तयार होऊन पडला होता. आईने तो उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. नवरीची आई कोपऱ्यात पदराने नाक पुसतेय, दोन म्हातारे एका पानातली जिलबी वाटून खातायत, असले फोटो.

"ह्यांना ठाऊक होता, तू काढतेस ता?" तिने विचारलं.

"नाही. तेच तर काम असतं."

"मग आमचे पन असेच काढ. मे महिन्यात. दोघं एका फोटोत यायला हवेत. रांगेत उभे राहा म्हटला तर नाय येनार ते. त्यांना कळू देऊ नको."

दोघं म्हणजे कोण, हे तिला सांगावं लागलं नाही.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला. लांज्यापासून दहा-बारा किलोमीटर आत आमचं गाव आहे, तिथे राहून तो भातशेती आणि आंबा-काजूची बाग करतो. मधली मी. धाकटा मुंबईला एका कारखान्यात सुपरवायझर. दादा आणि धाकटा सात वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

बाबा गेले ते जुलैच्या पावसात, सकाळी. धाकट्याला कळवलं तसा तो निघाला, पण घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. दादाने दुपारपर्यंत वाट बघितली, मग चार वाजेपर्यंत बघितली. तेवढ्यात पावसाने उघडीप दिली. गावातली जाणती माणसं म्हणाली, आता नेऊया, पुन्हा पाऊस धरला तर लाकडं पेटायची नाहीत. दादाने अग्नी दिला. धाकटा पोचला तेव्हा चिता जळत होती. तो भिजलेल्या कपड्यांनिशी स्मशानात लांब उभा राहिला आणि तिथे कुणाशी बोलला नाही. तेरावं झालं तसा मुंबईला निघून गेला, तो दादाकडे न बघताच.

आईने समजावून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या. एकदा गणपतीत तिने दोघांची पानं शेजारी मांडली, तर धाकटा हात धुवायच्या निमित्ताने उठला आणि मागच्या पायरीवर बसून जेवला. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. धाकटा दीड-दोन वर्षांतून एखादा दिवस येऊन तिला भेटून जायचा. ह्या वेळी मात्र तिने स्वतः सगळ्यांना फोन केले. चार दिवस राहायला या, म्हणाली. कुणालाही नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात घर भरलं. धाकटा, त्याची बायको आणि दोन मुलं, दादाची लग्न झालेली मुलगी तिच्या लहानग्याला घेऊन, आत्या आणि तिच्याकडची माणसं. मी दोन कॅमेरे नेले होते. एक गळ्यात, एक लांब लेन्स लावून पिशवीत. आवाज बंद करून ठेवला होता. कुणी विचारलंच तर सांगत होते, नवीन घेतलाय, हात बसवतेय.

एका घरात चार दिवस राहून समोरासमोर न येणं सोपं नसतं. त्या दोघांना ते साधलं होतं. दादा उजाडायच्या आत बागेत जायचा. बेड्याचं, म्हणजे अंगणाच्या फाटकाचं, लाकूड सरकल्याचा आवाज आला, की मग धाकटा अंथरुणातून उठायचा. दादा ओटीवर चहा घ्यायचा, धाकटा मागच्या दारी. वहिनी आणि धाकट्याची बायको न बोलता दोन ठिकाणी कप नेऊन ठेवायच्या. एक आत आला की दुसऱ्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं. मी लग्नघरातून इतकी वर्षं फिरतेय, माणसं एकमेकांना कशी टाळतात हे मला ओळखता येतं. पण इतक्या सफाईने टाळताना मी कुणाला बघितलं नव्हतं. एकमेकांच्या पावलांचा आवाज त्यांना जितका पाठ होता तितका बायकामुलांचाही नसेल.

पहिल्या दोन दिवसांत मी सहाशेच्या वर फोटो काढले. आत्या ओटीवर तोंड उघडं टाकून झोपलेली. फणसाचा चीक हाताला लागून रडकुंडीला आलेली पोरं आणि त्यांच्या बोटांना तेल चोळणारी वहिनी. पत्र्यावर वाळत घातलेली आमसुलं उलटताना धाकट्याच्या बायकोचे लाल झालेले हात. फोटो चांगले येत होते. इतर कुठल्याही घरचे असते तर मी खूश झाले असते. पण मी त्यांच्यासाठी आलेच नव्हते. एका डोळ्याने कॅमेऱ्यातून बघायचं आणि दुसऱ्याने दादा कुठे आहे, धाकटा कुठे आहे, हे शोधायचं, असं चाललं होतं. गोठ्याच्या आडोशाला उभी राहून मी तासन्‌तास वाट बघितली. एकदा दादा आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर चढला होता आणि धाकट्याला त्याच झाडाखालची गाडी हलवायची होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. धाकटा किल्ली घेऊन आला, वर बघितलं, आणि गाडीला हात न लावता परत गेला.

संध्याकाळी मी आईच्या खोलीत जाऊन बसायचे. ती खाटेवर उशीला टेकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो बघायची. तिची बोटं बारीक झाली होती, बांगडी कोपरापर्यंत सरकायची. आत्याचा झोपलेला फोटो बघून ती हसली आणि हसताना पोट धरलं. सगळे संपले की विचारायची, "दोघं?"

"उद्या," मी म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी सगळे आरे-वारेच्या समुद्रावर जायला निघाले. ते धाकट्याच्या बायकोने ठरवलं होतं. आईला झेपणार नव्हतं, वहिनी तिच्यापाशी थांबली. दादाही येणार नव्हता, पण त्याच्या मुलीने आपलं लहानगं त्याच्या कडेवर देऊन त्याला भाड्याच्या जीपमध्ये बसवलं. धाकटा आपल्या गाडीने आला. मी जीपमध्ये होते. वाटेत मला वाटत राहिलं, किनाऱ्यावर भिंती नसतात, दारं नसतात, तिथे कुठे जातील.

तिथेही ते लांबच राहिले. दादा विजार गुडघ्यापर्यंत वर दुमडून नातवाला लाटेत पाय बुडवायला लावत होता. धाकटा त्याच्या पुढे शंभर पावलांवर एकटाच समुद्राकडे बघत उभा होता. मी खूप मागे गेले, वाळूत पालथी पडले आणि लांबची लेन्स लावली. त्या लेन्सने मधलं अंतर दुमडून जातं. लांबलांब उभी असलेली माणसं खांद्याला खांदा लावून असल्यासारखी दिसतात. मी थोडी सरकले, आणखी थोडी सरकले, आणि दोघे शेजारी आले. गुडघ्यांच्या खालचा भाग मी चौकटीबाहेर ठेवला, कारण वाळूवरची जागा दिसली असती तर सगळंच कळलं असतं. दहा-बारा फोटो काढले. त्यातल्या एकात दोघांनी एकाच वेळी डोळ्यांवर हात धरला होता, अगदी बाबांसारखा. मला रडू आलं. मिळाला, असं मला खरंच वाटलं.

संध्याकाळी आईला दाखवला. तिने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पाय कुठं हायत ह्यांचे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, चौकटीत बसले नाहीत.

"बसले नायत की बसवले नायस?"

 तिने कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. "खोटा नको मला," ती म्हणाली. "खोटा बगून जायचा नाय."

तसलं खोटं मी कंप्युटरवर पाच मिनिटांत करून दिलं असतं. लग्नाला न आलेल्या काकांना आम्ही दर सीझनला एखाद्या ग्रुप फोटोत आणून बसवतो. पण तिला हवं होतं ते मला मिळत नव्हतं आणि हातात एकच दिवस उरला होता. धाकटा दुसऱ्या दिवशी जेवून निघणार होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्याला काजूच्या बागेत गाठलं. तो एकटाच बोंडं गोळा करत होता. मी कॅमेरा घरीच ठेवला होता. मी सरळ सांगितलं, की आईला तुमच्या दोघांचा एक फोटो हवाय, बोलू नकोस त्याच्याशी, नुसता दोन मिनिटं शेजारी उभा राहा. तिच्यासाठी.

त्याने हातातलं बोंड पिळून बी सुटी केली. मग म्हणाला, की आईसाठी तो काहीही करेल, पण त्या माणसाच्या शेजारी उभं राहून चेहरा कसा करायचा हे त्याला कळत नाही. बाबा गेले त्या दिवशी दरडीच्या अलीकडे गाडी सोडून तो चिखलातून चालत आला होता. पलीकडे एकाच्या मोटरसायकलवर बसला. तेवढ्यात रेंज आली, तेव्हा त्याने फोन केला होता.

"मी तुला निरोप दिला होता ना ताई? सहापर्यंत पोचतो, थांबा म्हणून. तू त्याला सांगितलंस. तरी तो दोन तास थांबला नाही. मी काय करू?"

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तो फोन आला होता, हे खरं. त्याच्या थोडं आधी दादाने मला विचारलं होतं, काही कळलं का त्याचं, आणि तेव्हा मी नाही म्हटलं होतं, तेही खरं होतं. मग बाबांना उचललं. पुरुष माणसं अंगणाचा दगडी गडगा ओलांडून उतरणीला लागली आणि माझा फोन वाजला. आई माझ्या खांद्यावर पडून होती. धाकटा ओरडून बोलत होता, आवाज तुटत होता. मी म्हटलं, हो, सांगते. फोन ठेवला आणि आईचे हातपाय गार पडले. बायकांनी कांदा आणला, पाणी आणलं. मी तिला धरून आत नेलं. निरोप माझ्या डोक्यातून गेला. स्मशान पंधरा मिनिटांवर होतं. अंगणात चार पोरं उभी होती, त्यातल्या कुणालाही पळवलं असतं तर काम झालं असतं. मला आठवलं तेव्हा झाडांच्या वर धूर दिसत होता.

धाकटा स्मशानात जायच्या आधी घरी आला, तेव्हा पहिल्यांदा मलाच भेटला. "सांगितलं होतंस ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली. एवढंच. तोंडाने शब्दही काढला नाही. तेव्हा वाटलं, आत्ता त्याला हे कशाला, दोन दिवसांनी सांगेन. दोन दिवसांनी तो दादाशी बोलत नव्हता, आणि मग ते सांगणं रोज थोडं थोडं जड होत गेलं. धाकट्याने दादाला कधी विचारलं नाही, निरोप मिळूनही का थांबला नाहीस. दादाला वाटलं, दिवसभर थांबूनही ह्याचा राग, हा माज आहे. दर भाऊबीजेला दादाला ओवाळताना आणि धाकट्याला फोन करताना मी ठरवायचे, की आज सांगायचं. सात भाऊबिजा गेल्या.

आणि त्या बागेत तो मला विचारत होता, मी काय करू. मी तेव्हाही सांगितलं नाही. "बघ, विचार कर," असं काहीतरी म्हणाले आणि घराकडे चालत सुटले. जाऊन कॅमेरा गळ्यात घातला. एका वाक्याने जे होणार होतं ते मी चार दिवस यंत्राने करू बघत होते, हे मला कळत होतं, तरी घातला.

जेवणं व्हायच्या आधी आई आपण होऊन खाटेवरून उठली. धाकट्याला द्यायला तिने आमसुलांची पिशवी बांधली होती, ती गाडीत ठेवायला निघाली. कुणी बघितलं नाही. ओटीच्या पायरीवर तिचा तोल गेला. ती अंगणात बसल्यासारखी पडली आणि तिला रक्ताची उलटी झाली.

दादा गवत ठेवायच्या मांगरातून धावला, धाकटा गाडीपासून. दोघे एकाच वेळी पोचले. दादाने तिच्या काखेत हात घातले, धाकट्याने पाय उचलले. कुणीतरी खुर्ची आणली, तीत तिला बसवून ते दोघे उचलून गाडीकडे नेऊ लागले. डोकी जवळजवळ टेकली होती. धाकटा म्हणत होता, सावकाश, आणि दादा त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत होता.

मी तीन फोटो काढले.

माझ्या हाताला सवय आहे, असं मी पुढे स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नाही. मी नीट उभी राहिले, चौकट बघितली, दोघांचे चेहरे येतात ना हे बघितलं, आणि काढले. आई रक्त ओकत होती आणि मला वाटलं, मिळाला. दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "ठेव तो खाली," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

रत्नागिरीला पोचायला तास-सव्वा तास लागला. धाकटा गाडी चालवत होता, दादा मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन, मी पुढे.  दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्ही बाहेर राहिलो. लांब पॅसेज होता. दादा एका टोकाच्या बाकावर बसला, धाकटा दुसऱ्या टोकाला खिडकीशी. दोघांच्याही सदऱ्यांवर तिचं रक्त होतं. मी मध्ये उभी होते. ते तसेच बसून राहणार, ती आत जीव सोडणार, आणि हे तसेच बसून राहणार, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी ठरवून बोलले नाही. तोंडातून आलं.

"दादा, बाबांच्या वेळी ह्याचा फोन आला होता. सहापर्यंत येतो, थांबा, असा निरोप होता. तुम्ही गडगा ओलांडला आणि फोन आला. मी तुला तो पोचवला नाही. विसरले. ह्याने विचारलं तेव्हा पोचवला म्हणून मान हलवली."

 धाकटा खिडकीपासून चालत माझ्यासमोर आला.

"तू मान हलवली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मी सात वर्षं..." 

दादा उठला. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि धाकट्यावर थांबली. "मला कळलं असतं तर मी थांबलो असतो रे," तो म्हणाला. "लाकडं भिजली असती तरी थांबलो असतो."

धाकटा बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दादा त्याच्या शेजारी बसला. मी विचारलं, चहा आणू का.  थोड्या वेळाने नर्सने औषधांची चिठ्ठी दिली, ती घेऊन दोघे बरोबर जिना उतरून गेले. आईची पिशवी, दोघांचे रुमाल, गाडीची किल्ली सगळं माझ्यापाशी राहिलं. बोलून टाकलं की मोकळं वाटतं, असं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला फक्त एवढं कळत होतं, की ते दोघे खाली आहेत आणि मी वर आहे.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर होती. नळ्या लावलेल्या होत्या, आवाज खोल गेला होता. मी एकटीच तिच्यापाशी होते. तिने विचारलं, "काढलास?"

मी कॅमेरा तिच्यासमोर धरला. तिन्हींतला सगळ्यात स्वच्छ फोटो. दादा, धाकटा, मध्ये खुर्चीत ती. दोघांच्या डोळ्यांत एकच भीती होती. मी इतक्या वर्षांत त्याहून खरा फोटो काढलेला नाही. ती खूप वेळ बघत राहिली.

"लुगडा किती वर गेलाय माजा," ती म्हणाली. "तोंडाला काय लागलाय. पोरीबाळी बगतील उद्या. पुसून टाक."

"आई, दोघं आहेत ह्यात. दुसरा नाही माझ्याकडे."

"असा नको. पुसून टाक."

मी तिच्यासमोर तिन्ही पुसले. एकेक दाखवून पुसले, कारण तिने तसं सांगितलं. पडद्यावर त्याच्या आधीचा फोटो आला, पत्र्यावरच्या आमसुलांचा.

मग मी तिला सांगितलं, की मी दोघांना फोनचं सांगितलं. तिने डोळे मिटले होते. झोपली असं वाटलं.

"तुज्या खांद्यावरच होते मी," ती म्हणाली. "ऐकला होता मी पन. तू सांगशील म्हनून वाट बगत होते."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तिघं माजीच ना," ती म्हणाली. "त्यांनी तुला टाकली असती."

ती पुढे पंधरा-सोळा दिवस होती. तिला घरी आणलं. दोघे आळीपाळीने तिच्यापाशी बसायचे, कधी बरोबर बसायचे. धाकट्याने रजा वाढवून घेतली. एकदा मी खोलीत गेले तर दादा तिला चमच्याने पेज भरवत होता आणि धाकटा मागून तिला धरून होता. ती माझ्याकडे बघून मानेने ये म्हणाली. दोघांपैकी कुणी सरकून जागा दिली नाही. मी दारातच उभी राहिले. कॅमेरा मी रत्नागिरीलाच ठेवला होता, आणि असता तरी तिथे तो उचलायचं मला धाडस झालं नसतं. ती गेली तेव्हा दोघेही तिच्याजवळ होते. मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. वहिनीने येऊन सांगितलं.

माझ्याशी कुणी भांडलं नाही. धाकट्याने बायकोला काय सांगितलं माहीत नाही, पण तीही आता कामापुरतं बोलते. तेराव्यानंतर मी त्या चार दिवसांचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर घालून दोघांना पाठवले. दादाचा एका शब्दाचा मेसेज आला, मिळाले. धाकट्याचा आला नाही.

त्या दिवाळीत धाकटा कुटुंबासह गावाला आला. सात वर्षांत दिवाळीला तो पहिल्यांदाच आला होता. भाऊबीजेला या, म्हणून वहिनीचा फोन आला. मी गेले. पाटावर दोघे शेजारी बसले होते. मी दादाला ओवाळलं, मग धाकट्याला. त्याने टिळ्यासाठी कपाळ पुढे केलं, पण नजर ताटातल्या सुपारीवर ठेवली. निरांजनातलं तेल साडीवर सांडलं. त्याची मुलगी म्हणाली, आत्या, पप्पांचा आणि काकांचा असा बसलेला एक फोटो काढ ना. मी फोन शोधायला पिशवीत हात घातला.

"तिने नको," धाकटा म्हणाला. "तू काढ." मुलीने आपल्या फोनवर काढला. ताट हातात घेऊन मी बाजूला झाले, कारण मी मध्ये येत होते.

जेवताना ते दोघे मोहोराच्या फवारणीबद्दल बोलत होते. दादा त्याला समजावून सांगत होता आणि तो मध्येमध्ये प्रश्न विचारत होता. आई असती तर तिने पानावरचा हात थांबवून ऐकलं असतं. मला तिच्यासाठी बरं वाटलं. तेवढंच त्या दिवशी बरं वाटलं.

निघताना दादाने मोटरसायकल काढली आणि मला लांज्याच्या स्टँडवर सोडायला आला.  मी त्याच्या पाठीमागे बसून तीन-चारदा बोलायचा प्रयत्न केला, पण वाऱ्यात ऐकू जाणार नाही अशा आवाजात. गाडी लागली होती. मी चढून खिडकीशी बसले. तो खाली उभा होता.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.

रत्नागिरीला घरी पोचल्यावर मी दादाच्या मोबाइलवर फोन केला. वहिनीने उचलला.